दर्यावरचा सरखेल, देशावरचा कैदी

दिवाळीच्या सुट्टीत घरोघरी मुलांचे किल्ले उभे राहतात. दगडविटा रचायच्या, त्यांवर जुने पोते टाकायचे, चिखल थापायचा, अळीव पेरायचे. शिखरावर सिंहासनाधिष्ठित महाराज, पायऱ्यांवर मावळे, पायथ्याशी एखादे तळे. अंगणे गेली आणि गॅलऱ्या आल्या, तरी ही हौस सुटलेली नाही. किल्ला मात्र हटकून डोंगरी असतो. भोवती समुद्र, समुद्रात गलबते आणि मधोमध जलदुर्ग, असा देखावा क्वचितच कोणी मांडतो.

यात मुलांचा दोष नाही. आपल्या इतिहासाची समुद्राकडची खिडकी आपण थोरांनीच अर्धवट लावून घेतली आहे. शिवाजी महाराजांनी आरमार उभारले, कान्होजी आंग्र्यांनी ते वाढवले, इतके आपल्याला ठाऊक असते. आणि मग एकदम इंग्रज येतात. मधली पाने कोठे गेली असे कोणी विचारत नाही. त्या पानांवर कान्होजीचा मुलगा तुळाजी याचे नाव आहे. छत्रपतींनी सरखेलपदाची वस्त्रे देऊन गौरवलेला हा दर्यावर्दी आपल्याच राज्याच्या बेड्यांत मेला. त्याला धरण्यासाठी पुण्याच्या दरबाराने इंग्रजांच्या तोफा बोलावल्या होत्या. गोष्ट कडू आहे, पण फराळाच्या ताटातही कारल्याच्या काचऱ्यांना जागा असतेच. म्हणून यंदा तिलाच हात घालतो.

आंग्र्यांचे आरमार म्हणजे काय होते, हे आधी पाहू. मोठी जहाजे म्हणजे गुराबा. दोन किंवा तीन डोलकाठ्या, बुडाशी उथळ, आणि नाळेवर समोर तोंड करून ठेवलेल्या दोन भारी तोफा. त्यांच्या जोडीला गलबते. ती लहान, चपळ, शिडांवर चालणारी आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांचीही. वारा पडला की युरोपीय जहाज जागच्या जागी खिळायचे. मग गलबते गुराबांना दोर लावून ओढत आणीत आणि शत्रूच्या पिछाडीला नेऊन ठेवीत. मोठ्या जहाजाच्या तोफा असत डाव्या-उजव्या कुशीला. पिछाडीला मारा करायला त्याच्याजवळ फारसे काही नसे. आंग्र्यांचे गोलंदाज पहिले गोळे शिडांवर आणि डोलकाठ्यांवर टाकीत. जहाज पांगळे झाले की गलबतांतून माणसे वर चढत. कोकणचा वारा, ओहोटी-भरती आणि खाडीची मुखे पाठ असलेल्या भंडारी, कोळी, खारवी, दालदी खलाशांनी ही युद्धाची रीत परिपूर्ण केली होती.

इंग्रजांनी या आरमाराला चाच्यांची टोळी म्हटले, आणि आपल्यापैकी कित्येकांनी ते खरे मानले. वस्तुस्थिती अशी की आंग्रे दस्तक देत असत. ज्याने दस्तकाचे पैसे भरले त्याचे जहाज सुखरूप जाई. ज्याने भरले नाहीत ते पकडले जाई. पोर्तुगीजांनी त्याआधी दोन शतके याच समुद्रावर कार्ताझ या नावाने हाच कर घेतला होता. त्यांचे ते राज्य आणि आपली ती चाचेगिरी, हा न्याय लिहिणाराच्या सोयीचा होता. कान्होजीचे म्हणणे साधे होते. किनारा छत्रपतींचा, तर किनाऱ्यालगतचा समुद्रही छत्रपतींचा. हे म्हणणे मोडून काढण्यासाठी इंग्रजांनी १७२० साली विजयदुर्गावर, पुढच्या साली पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर, आणि डचांनी १७२४ साली पुन्हा विजयदुर्गावर चाल केली. तिन्ही वेळा हात हलवीत परत जावे लागले.

या कान्होजीचे आणि पुण्याच्या पेशव्यांचे नाते कसे जुळले ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण पुढच्या साऱ्या प्रकरणाची तीच कसोटी आहे. शाहू महाराज दक्षिणेत परत आल्यावर कान्होजी ताराबाईंच्या पक्षात होता. १७१३ साली तो घाट चढून वर आला, त्याने लोहगड घेतला आणि चालून आलेल्या बहिरोपंत पिंगळे या पेशव्यालाच कैद केले. साताऱ्यावर धोका आला. तेव्हा बाळाजी विश्वनाथांना पेशवेपदाची वस्त्रे देऊन त्यांच्याकडे पाठवण्यात आले. बाळाजीपंत कोकणचे, आंग्र्यांना ओळखणारे. त्यांनी लोणावळ्याच्या परिसरात भेट घेतली आणि बोलणे केले. कान्होजीचे सरखेलपद कायम झाले, किल्ले त्याच्याकडे राहिले, त्याने शाहूंना छत्रपती मानले आणि बहिरोपंत सुटले. राज्याच्या पेशव्याला बेड्या घालणारा सरदार शब्दांनी घरात आला. बंडखोर होता म्हणून त्याचे आरमार बुडवावे, असे कोणाच्या मनात आले नाही.

कान्होजी १७२९ साली वारला आणि घरात फूट पडली. थोरला सेखोजी चार वर्षांतच गेला. मग संभाजी आणि मानाजी या सावत्र भावांत वाद सुरू झाला. बाजीरावांनी १७३५ साली मध्यस्थी करून घराचे दोन भाग केले. कुलाबा आणि वजारतमाब हा किताब मानाजीकडे. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सरखेलपद संभाजीकडे. भांडण मिटले, पण आरमारही दोन झाले. तरीसुद्धा याच संभाजीने त्याच साली डर्बी नावाचे इंग्रजांचे मोठे जहाज धरले. १७४२ च्या आरंभी तो वारला आणि दक्षिणेकडचा कारभार त्याचा सावत्र भाऊ तुळाजी याच्याकडे आला.

शाहू महाराजांनी तुळाजीला सरखेल केले ते काही नुसते वंशपरंपरेने नव्हे. वासिष्ठीच्या मुखावरचे अंजनवेल आणि आत खाडीत चिपळूणजवळचे गोवळकोट, ही दोन ठाणी जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होती आणि ती छातीवरच्या काट्यासारखी सलत होती. तुळाजीने १७४५ साली ती दोन्ही जिंकली. अंजनवेलचे नाव त्याने गोपाळगड ठेवले, गोवळकोटचे गोविंदगड. वाचकांपैकी कोणी गुहागरला गेले असतील तर गोपाळगड त्यांनी पाहिला असेल. त्या नावामागे हा विजय आहे.

पुढची दहा वर्षे कोकणच्या समुद्रावर तुळाजीचा अंमल चालला. इंग्रज कंपनीचे रेस्टोरेशन हे लढाऊ जहाज त्याने १७४९ च्या सुमारास पकडले आणि आपल्या आरमारात घातले. १७५४ साली डचांची तीन जहाजे त्याच्या तावडीत सापडली. त्यांतील दोन मोठी जाळली गेली, तिसरे धरले गेले. मुंबईची इंग्रज व्यापारी गलबते लढाऊ जहाजांच्या सोबतीवाचून बाहेर पडेनाशी झाली, आणि त्या सोबतीचा खर्च कंपनीला नको नको झाला. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत, गिर्ये गावाशी, आंग्र्यांची गोदी होती. भरतीच्या पाण्याने जहाज आत घ्यायचे आणि ओहोटीला कोरडे करून दुरुस्त करायचे, अशी तिची रचना. तिच्या खुणा आजही दिसतात.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर ही गोष्ट भाटगिरी होईल. तुळाजी मोठा हट्टी आणि तापट होता. सावंतवाडीचे सावंत, बावड्याचे अमात्य, विशाळगडचे प्रतिनिधी, हे सगळे त्याचे शेजारी आणि सगळे त्याच्या उपद्रवाने त्रासलेले. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज निवर्तले आणि राज्याची सूत्रे पुण्यास नानासाहेब पेशव्यांच्या हाती आली, तेव्हा तुळाजीने ती सत्ता मानली नाही. त्याचे मत असे की पेशवा जसा छत्रपतींचा चाकर तसा सरखेलही छत्रपतींचा चाकर. एका चाकराने दुसऱ्याला खंडणी का भरावी? त्याने ताराबाईंची बाजू धरली. पुण्याहून आलेल्या मागण्या त्याने झिडकारल्या. राज्यकर्त्याला असा सरदार डोईजड होणारच. नानासाहेबांची तक्रार खोटी नव्हती.

पण तक्रार खरी असली तरी तिच्यावरचा उपाय कोणता, हा प्रश्न वेगळा. त्याच सुमाराचे एक उदाहरण पाहा. गुजरातेतील दमाजी गायकवाडाने ताराबाईंचाच पक्ष घेतला होता. १७५१ साली तो मोठी फौज घेऊन थेट साताऱ्यावर आला. तुळाजी दूर विजयदुर्गावर बसून नाही म्हणत होता. दमाजी तलवार उपसून राजधानीच्या दारात उभा होता. नानासाहेबांनी त्याला वेण्णेच्या काठी कोंडले, बोलणे चालू असताना कैद केले आणि पुण्यास आणले. पुढे काय झाले? वर्षभराने दमाजी सुटला. अर्धा गुजरात पेशव्यांना द्यावा, थकलेल्या वसुलीबद्दल पंधरा लाख भरावेत आणि चाकरी करावी, असा करार झाला. हाच दमाजी पुढे रघुनाथरावांबरोबर अहमदाबादेवर गेला आणि पानिपतावरही लढला. ताराबाईंशीसुद्धा नानासाहेबांनी १७५२ साली जेजुरीस शपथक्रिया करून समेट केला.

म्हणजे रुसलेल्या सरदाराला वठणीवर आणून पुन्हा कामाला लावण्याची विद्या पुण्याच्या दरबाराला चांगली अवगत होती. तुळाजीच्या बाबतीत ती वापरली गेली नाही. असे का व्हावे?

मला वाटते, याचे उत्तर घोड्यात आणि गलबतात आहे. दमाजीकडे घोडदळ होते; पेशव्यांकडे त्याहून मोठे घोडदळ होते. त्याची किंमत त्यांना कळत होती आणि त्याला आवरणेही त्यांच्या हातचे होते. तुळाजीचे बळ समुद्रावर होते, आणि तिथे पुण्याचा हात पोचत नव्हता. जे आपल्या हाती येत नाही ते मोडलेले बरे, असे मनुष्याला वाटू लागते. शिवाय आरमार गेले तर नेमके काय जाईल, याचा अंदाज घाटमाथ्यावर बसून येत नसे. पेशव्यांचे डोळे अटकेकडे आणि दिल्लीकडे लागलेले होते. मुंबईच्या बेटावरचे वखारवाले त्यांना व्यापारी दिसत होते. कामापुरते बोलवावे आणि काम झाले की निरोप द्यावा, असे.

तेव्हा नानासाहेबांनी कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांच्यामार्फत मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बूर्शिए याच्याशी करार केला. तारीख होती १९ मार्च १७५५. कलमे वाचण्यासारखी आहेत. समुद्रावरची मोहीम इंग्रजांच्या हुकमतीखाली चालावी. तुळाजीची जी जहाजे हाती येतील ती दोघांनी निम्मी निम्मी घ्यावीत. किल्ल्यांतील तोफा आणि सामान पेशव्यांचे. आणि या मदतीच्या बदल्यात बाणकोटचा किल्ला व पाच गावे इंग्रजांना कायमची. कोकणच्या किनाऱ्यावर मुंबईच्या दक्षिणेस इंग्रजांना मिळालेली ही पहिली हक्काची जागा. ती त्यांनी जिंकली नाही. आपल्या भावाला मारण्याची मजुरी म्हणून ती आपण त्यांना दिली.

आठवड्याच्या आत कमोडोर विल्यम जेम्स मुंबईहून निघाला आणि एप्रिलच्या आरंभी सुवर्णदुर्गावर गोळे टाकू लागला. पेशव्यांचे आरमार बरोबर होते, पण त्याने हात राखूनच काम केले. किल्ल्यातील दारूखाना पेटला आणि थोडक्या वेळात सुवर्णदुर्ग पडला. पाठोपाठ बाणकोटही गेले. विजयदुर्गाला मात्र जेम्सची ताकद पुरणारी नव्हती.

त्याच वर्षाच्या अखेरीस ॲडमिरल चार्ल्स वॉटसन इंग्लंडच्या राजाची जहाजे घेऊन मुंबईस आला. रॉबर्ट क्लाइव्ह फौजेनिशी तेथेच होता. वास्तविक क्लाइव्ह आला होता दक्षिणेत फ्रेंचांविरुद्ध लढायला. ते काम लांबले, आणि रिकामे हात विजयदुर्गाकडे वळले. निघण्यापूर्वीच इंग्रज अधिकाऱ्यांनी सभा भरवून लुटीचे वाटे ठरवले. कोणाला किती, यावर त्यांच्यात थोडी कुरबुरही झाली. त्या यादीत पेशव्यांचे नाव नव्हते.

१७५६ च्या फेब्रुवारीत हे आरमार विजयदुर्गासमोर आले. जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज आधीच येऊन बसली होती. आणि या क्षणी तुळाजीने जे केले त्यावरून माणूस ओळखू येतो. किल्ला एका नातलगाच्या हाती देऊन तो बाहेर पडला आणि मराठ्यांच्या छावणीत गेला. इंग्रजांकडे त्याने अभय मागितले नाही. भांडण झाले होते ते घरच्या माणसांशी; मिटवायचे तर त्यांच्याशीच मिटवावे, असा त्याचा हिशेब असावा. त्याच्या बापाने बाळाजी विश्वनाथांशी तसेच मिटवले होते. छावणीत त्याला अडकवून ठेवण्यात आले.

इंग्रजांना ही बोलणी नको होती. किल्ला बोलण्याने मराठ्यांना मिळाला तर लूट गेली! १२ फेब्रुवारीला त्यांनी मारा सुरू केला. विजयदुर्गाच्या आडोशाला तुळाजीचे सारे आरमार एकमेकांना बांधून उभे होते. एक गोळा रेस्टोरेशनवर पडला. जे जहाज इंग्रजांकडून जिंकून आणले होते तेच प्रथम पेटले, आणि त्याची आग गुराबांवर, गलबतांवर, किनाऱ्यावर बांधणीला लावलेल्या जहाजांवर पसरली. कान्होजीच्या काळापासून दोन पिढ्यांनी उभारलेले आरमार काही तासांत जळाले. त्या रात्री क्लाइव्ह जमिनीवर उतरला आणि किल्ला व पेशव्यांची छावणी यांच्या मध्ये जाऊन बसला. दोस्तांच्या आणि किल्ल्याच्या मध्ये! १३ तारखेला विजयदुर्गावर इंग्रजांचे निशाण चढले. सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज सापडला आणि तो ठरल्याप्रमाणे इंग्रजांनी आपसात वाटून घेतला. तुळाजीचे कुटुंब किल्ल्यातच होते; तेही त्यांच्या ताब्यात गेले.

यानंतरचे आठ महिने पुण्याहून विजयदुर्गाची मागणी होत राहिली आणि इंग्रज ती टोलवीत राहिले. करार केला तेव्हा किल्ला पेशव्यांचा हे स्पष्ट होते, तरीही त्यासाठी पुन्हा नवा तह करावा लागला. १२ ऑक्टोबर १७५६ च्या त्या पुण्याच्या तहाने विजयदुर्ग परत मिळाला. पण बाणकोटवर इंग्रजांचा हक्क पक्का झाला, आणखी गावे त्यांना मिळाली, आणि पेशव्यांच्या मुलखात डचांना व्यापारबंदी झाली. डच हे इंग्रजांचे प्रतिस्पर्धी. म्हणजे त्यांचा काटाही आपल्याच हाताने काढून घेतला गेला.

दरम्यान वॉटसन आणि क्लाइव्ह थांबले नव्हते. विजयदुर्गाहून सुटलेली जहाजे मद्रासेस गेली आणि तेथून बंगालात. १७५७ च्या जानेवारीत त्यांनी कलकत्ता परत घेतले, मार्चमध्ये फ्रेंचांचे चंद्रनगर पाडले, आणि २३ जूनला प्लासी झाली. विजयदुर्ग आणि प्लासी यांच्यात अवघे सोळा महिन्यांचे अंतर आहे. शाळेच्या पुस्तकात हे दोन प्रसंग दोन निरनिराळ्या धड्यांत असतात. माणसे तीच, आणि जहाजेही बरीचशी तीच.

तुळाजीचे काय झाले? त्याच्या पायांत बेड्या पडल्या आणि उरलेला जन्म एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात गेला. दमाजीसारखा करार त्याच्या वाट्याला आला नाही. त्याला पुन्हा जहाज मिळाले नाही, चाकरी मिळाली नाही, सुटका तर नाहीच. कैदेच्या जागांत सोलापूरच्या भुईकोटाचे नाव सांगितले जाते. दर्यावर्द्याला ठेवायला याहून कठोर जागा शोधून सापडली नसती.

आज पुण्याहून सोलापूरकडे मोटारीने जाताना भिगवण मागे पडले की डाळज लागते, मग इंदापूर. डाव्या हाताला उजनीचे पाणी दूरवर चमकते. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे पाहायला शहरातली कुटुंबे तेथे हौसेने जातात. हे पाणी उजनीच्या धरणाचे, १९८० च्या आगेमागे साठलेले. अठराव्या शतकात हा सगळा भीमाकाठचा कोरडा मुलूख होता. ज्वारीची राने, बाभळी, काळी भेगाळलेली जमीन, आणि उन्हाळ्यात वाळूत हरवणारे ओढे. त्याच्याही पलीकडे सोलापूर. तिथल्या तटाला लागून पाणी आहे, पण ते सिद्धेश्वराच्या तळ्याचे. भरती-ओहोटीवर ज्याचा दिवस उगवत आणि मावळत असे, त्याला हे तळे रोज पाहून काय वाटत असेल, ते ज्याचे त्याने मनाशी समजून घ्यावे.

या कैदेचा शेवटचा पेच तर कोणा नाटककाराला सुचू नये असा आहे. तुळाजीचे दोन मुलगे बरीच वर्षे कैदेत काढून निसटले. मग त्यांनी जावे कोठे? ते मुंबईस गेले आणि इंग्रजांच्या आश्रयाला राहिले. ज्यांनी बापाचे आरमार जाळले, त्यांच्या दारात मुलांना स्वराज्यापेक्षा निर्धास्त वाटले. आपल्या माणसाला किती छळावे याची मर्यादा राज्याला कळली नाही, तर असे होते.

पेशव्यांचे आरमार त्यानंतर अगदीच बुडाले असे नाही. विजयदुर्गाला आरमाराचा सुभा राहिला, धुळपांनी तो नेकीने चालवला, आणि आनंदराव धुळपांनी १७८३ साली रत्नागिरीजवळ इंग्रजांचे रेंजर हे जहाज लढून जिंकले. शौर्य संपले नव्हते. पण इंग्रजांच्या व्यापाराला दस्तक घ्यायला लावील अशी शक्ती पुन्हा उभी राहिली नाही. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी आणि ठाणे घेतले, तेव्हा मुंबईच्या बेटाला समुद्राकडून कोंडणारे कोणी उरले नव्हते. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे आणि १८१८ हा शेवट, आपल्याला पाठ आहेच.

नानासाहेबांना दूरदृष्टी नव्हती असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. १७५५ साली प्लासी कोणाला दिसत होती? क्लाइव्हलाही नाही. परंतु त्यांच्या आजोबांनी एक धडा घालून दिला होता आणि त्यासाठी भविष्य दिसण्याची गरज नव्हती. घरचा माणूस कितीही अडेल असला, तरी त्याला आणायला घरच्याच माणसाने जावे. १७१३ साली आजोबा स्वतः लोणावळ्यापर्यंत गेले. १७५६ साली तुळाजी आपण होऊन छावणीत आला होता. तो आला त्याच दिवशी त्याच्याशी करार झाला असता, तर आरमार जळण्यापूर्वीच ते छत्रपतींच्या नावाने उभे राहिले असते आणि इंग्रजांना रिकाम्या हातांनी नांगर उचलावा लागला असता. एवढे तरी त्या छावणीतून दिसण्यासारखे होते.

विजेत्यांनी आपली आठवण नीट ठेवली आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत वॉटसनचे स्मारक आहे. त्यावर कलकत्ता आणि चंद्रनगर यांच्याबरोबर घेरिया, म्हणजे आपला विजयदुर्ग, कोरलेला आहे. लंडनजवळ शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर १७८४ साली विल्यम जेम्सच्या पत्नीने नवऱ्याच्या आठवणीसाठी एक तिकोनी मनोरा बांधला. त्याला तिने सुवर्णदुर्गाचेच नाव दिले. इंग्रजी जिभेवर त्याचे सेव्हर्नड्रूग झाले, पण मनोरा उभा आहे आणि लोक तो पाहायला जातात.

आपणही कान्होजीला विसरलो नाही. स्वतंत्र भारताच्या नौदलाने मुंबईतील आपल्या ठाण्याला १९५१ साली आंग्रे हे नाव दिले. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले घेतले. त्यांत विजयदुर्ग आहे आणि सुवर्णदुर्गही आहे. मोठ्या आनंदाची गोष्ट. आता या किल्ल्यांवर पाहुणे वाढतील, पाट्या लागतील, वाटाडे माहिती सांगतील. शिवाजी महाराजांनी काय बांधले, कान्होजीने काय राखले, हे ते सांगतीलच.

सुट्टीत कोकणात गेलात, तर विजयदुर्गाचा तट पाहून लगेच माघारी फिरू नका. मुलांना घेऊन गिर्ये गावाशी खाडीवर जा आणि ती गोदी दाखवा. येथे जहाजे दुरुस्त होत होती आणि येथल्या सरखेलाला आपणच धरून देशावर नेले, एवढे त्यांना सांगा. पोरे हुशार असतात. का नेले, असे ती विचारतील. त्या प्रश्नाला उत्तर देताना आपल्याला जरा थांबावे लागेल, आणि ते थांबणेच तुळाजीला इतक्या वर्षांनी मिळालेला थोडासा न्याय असेल.